इंग्रजाचा गुलाब

कोल्हापूरच्या स्टेशनात गाडी येते आणि थांबते. इतर गावांतही थांबते, पण तिथं ती पुढं जाण्यासाठी थांबते. आमच्याकडं पुढं रूळच नाहीत. मिरजेहून आलेली लाइन इथं येऊन संपते, त्यामुळं कोल्हापूरला उतरायचा माणूस झोप लागून पुढच्या गावाला गेला, असं शंभर वर्षांत एकदाही झालेलं नाही. हे वाक्य मी माझ्या भाषणांत नेहमी सुरुवातीला टाकायचो. लोक हसायचे. लोक हसले की आपण इतिहास संशोधक आहोत याची मला खात्री पटायची.

मी गणपतराव इंगवले, मुक्काम शिवाजी पेठ. बत्तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. संशोधक वगैरे मी नव्हतोच. १९९४ साली झालो, तेही गाडी लेट झाल्यामुळं. मेहुणा येणार होता आणि गाडी अडीच तास मागं होती. पेपर दोनदा वाचून झाला, निविदा सूचनाही वाचून झाल्या. मग पाय मोकळे करायला फलाटाच्या टोकाला, पार्सल ऑफिसकडं गेलो. तिथं काळ्या दगडाची एक कमान होती. हातगाड्यांवरनं पार्सलं बाहेर काढायचं दार ते. रोज शेकडो माणसं तिच्याखालून जात असतील, वर कोणी बघत नसेल. मला दुसरा उद्योग नव्हता म्हणून मी बघितलं.

कमानीच्या मधोमध, सगळ्यात वरच्या दगडावर, एक गोल नक्षी कोरलेली होती. या दगडाला गवंडी लोक चावी म्हणतात. तो बसला की कमान उभी राहते. नक्षीत एकात एक गुंतलेल्या पाकळ्या होत्या आणि मधे देठासारखं काहीतरी, त्याला दोन्ही बाजूंनी काटे. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. गुलाब. आता आपल्याकडं दगडात कोरायचं तर कमळ कोरतात, गुलाब कोण कोरतो? म्हणजे इंग्रज. स्टेशन १८९१ चं, संस्थानच्या अमदानीतलं, तेव्हा कोणीतरी इंग्रज इंजिनिअर असणारच. घरची आठवण आली असेल बिचाऱ्याला. एवढं सगळं मला मेहुण्याची गाडी यायच्या आत कळलं. खरे संशोधक याला दहा वर्षं लावतात.

गावातल्या एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत तेव्हा कोणाची तरी कविता वेळेवर आली नव्हती. त्या जागेत माझा लेख बसला. पहिल्या लेखात तो 'बहुधा कोणी इंग्रज इंजिनिअर' होता. दुसऱ्या लेखात 'बहुधा' गेलं. तिसऱ्यात त्याला बायको मिळाली. ती विलायतेत राहायची आणि तिच्या दारात गुलाबाचा वेल होता. चौथ्यात ती क्षयानं वारली. त्या लेखाला एकोणतीस पत्रं आली, आणि वाचताना रडू आवरलं नाही असं शिरोळच्या एका बाईंनी कळवलं. पाचव्या लेखात तिला पुन्हा जिवंत करता येईना, म्हणून मी त्याच्या घोड्यावर लिहिलं.

या काळात मी रेल्वेचा एक कागद मागितला नाही की एक नकाशा बघितला नाही. कागदांची भीती वाटायची असं नाही. गरज वाटली नाही. पेपरात छापून आलं की ते कोल्हापुरात खरं असतं, आणि छापून येणारा मीच होतो.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी लोकांना घेऊन स्टेशन दाखवायला जायचो. दहा-बारा पेन्शनर, एखादी शाळेची सहल. फलाट, जुन्या भिंती, उतरती कौलं असं करत करत शेवटी कमान. तिथं मी आवाज खाली आणायचो. १९९७ साली तर मी पदरचं तिकीट काढून मुंबईला गेलो, तिथल्या मोठ्या स्टेशनावरची नक्षी बघायला. त्या इमारतीवर मोर आहेत, माकडं आहेत, पानं-फुलं तर किती. मी खाली उभा राहून तासभर वर बघत वहीत लिहीत होतो, तेव्हा एका पोलिसानं येऊन चौकशी केली. त्याला मी इंग्रजाची सगळी गोष्ट सांगितली. मी चौथ्या लेखापर्यंत आल्यावर तो निघून गेला. मला मात्र तिथं एक फूल सापडलं, जे मान डावीकडं वाकडी करून बघितलं तर आमच्या गुलाबासारखं दिसत होतं. 'दोन्हीमागे एकच हात' अशा मथळ्याचा लेख त्यावर झाला.

माझी बायको शालू या सगळ्याकडं लक्ष द्यायची नाही. तिचं माहेर पेठेतलंच. चार भाऊ, चौघेही फुटबॉलचे. आमच्या पेठेत पोर आधी बॉलला पाय लावतं आणि मग चालायला शिकतं. मी त्यातला नव्हे. नववीत असताना एक बॉल तोंडावर बसला, चष्मा फुटला, तेव्हा त्या खेळाकडं पाठ फिरवली ती कायमची. फायनलच्या दिवशी अख्खी पेठ मैदानावर असायची आणि मी खिडक्या लावून मराठेशाहीच्या सनावळ्या बघायचो. शालू म्हणायची, "पेठेत राहून तुम्हाला गोल म्हंजे काय ते ठावं न्हाय, लोकं मला हसत्यात." मी म्हणायचो, मला इतिहास माहीत आहे. ती म्हणायची, "त्योबी दुसऱ्याच्याच घरचा."

२००२ साली बातमी आली की पार्सल ऑफिसकडचं बाहेर पडायचं दार रुंद होणार. रिक्षा आणि गाड्यांची गर्दी वाढली होती आणि कमान मधे येत होती. कमान पाडणार म्हटल्यावर मी पेटलोच. कोल्हापूरकराला काही व्हायच्या आधी कृती समिती सुचते. आठवड्याच्या आत 'स्टेशन कमान बचाव कृती समिती' उभी राहिली, अध्यक्ष मी. मोर्चा निघाला, निवेदन दिलं, चौकात भाषणं झाली. इंग्रजाच्या वारलेल्या बायकोला मी त्या पंधरा दिवसांत निदान अकरा वेळा पुन्हा मारलं.

रेल्वेकडून पत्र आलं. ते फार समजूतदार होतं. कमान नकाशात आहे, पण कधी बांधली याची नोंद मिळत नाही. ती मूळच्या १८९१ च्या बांधकामातली असेल तर रस्ता थोडा वळवून घेता येईल. नंतरची असेल तर ठेवण्याचं कारण उरत नाही. मोठे साहेब येत्या पंधरा तारखेला स्वतः पाहणी करतील, त्या वेळी इतिहास संशोधक श्री. इंगवले यांनी माहिती द्यावी. पत्रात 'इतिहास संशोधक' असं टाइप केलेलं बघून मी त्याच्या चार झेरॉक्स काढल्या.

साहेब यायच्या आठ दिवस आधी सकाळी दारात एक म्हातारा उभा राहिला. पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात कागदात बांधलेली गुळाची लहान ढेप.

"इंगवले मास्तरांचं घर ह्येच न्हवं?"

"ह्येच. या पावणं, बसा," शालू म्हणाली.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. थोडा खोकला आणि गूळ शालूच्या हातात दिला. "आक्का, ह्यो घ्या. मी चन्नाप्पा. इचलकरंजीजवळ कबनूरला पोराकडं असतो, पोरगं यंत्रमागावर हाय. सुनेनं पेपर वाचून दावला. मास्तर माझ्या कमानीसाठी भांडाल्यात म्हटल्यावर वाटलं, जाऊन पाया तरी पडून यावं."

मला भरून आलं. सामान्य माणूस 'माझी कमान' म्हणतो आहे, आणखी काय पाहिजे. "अहो, ती आपल्या सगळ्यांचीच आहे," मी म्हणालो.

"व्हय की," चन्नाप्पा म्हणाला. "पर बांधली मी."

शालू कप घेऊन येत होती ती मधेच थांबली. मी हसलो, कारण मला तो विनोद वाटला. तो हसला नाही. त्यानं सावकाश सगळं सांगितलं. मीटरगेजचे रूळ जाऊन ब्रॉडगेज आलं तेव्हा फलाट उंच करावा लागला. पार्सलचं जुनं दार बुटकं पडायला लागलं, म्हणून ते काढलं आणि त्याच जुन्या भिंतीचे दगड पुन्हा घडवून ही कमान उभी केली. शेजारच्या जुन्या कामाशी जुळली पाहिजे अशी मुकादमाची सक्त ताकीद होती. चन्नाप्पा तेव्हा अडतीस वर्षांचा होता आणि पेठेतच खोली घेऊन राहत होता.

"आणि तो गुलाब?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटेना.

"कंचा गुलाब?"

"वर. चावीवर."

"त्यो फुटबॉल हाय, मास्तर."



"त्या साली पेठेनं फायनल मारलीती," चन्नाप्पा सांगायला लागला. "म्हयनाभर दुसरं बोलणंच न्हवतं. मुकादम म्हणाला, चावीवर एखादं फूल काढ. मी म्हटलं, फुलं काय सगळेच काढत्यात. तवाचा बॉल कसा, चामड्याच्या पट्ट्यांचा, आन् मधी बुटाच्या नाडीवानी चामड्याची वादी आवळल्याली. ती वादी काढायलाच मला दोन दिस गेलं."

देठ म्हणजे वादी होती. काटे म्हणजे वादीची भोकं. शालू उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडात धरून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आठ वरसं," ती कशीबशी म्हणाली. "आठ वरसं लोकं फुटबॉलच्या बायकूसाठी रडाल्यात."

मला हसू आलं नाही. मला सगळ्यात आधी आठवल्या त्या पत्राच्या झेरॉक्स. मग मुंबईतलं ते फूल. मग शिरोळच्या बाई. अख्ख्या शिवाजी पेठेत फुटबॉल न ओळखणारा एकच माणूस होता आणि तोच स्टेशनचा इतिहास सांगत फिरत होता. कमानीचा विचार माझ्या मनात बराच उशिरा आला, हे कबूल करायला हवं. तो चन्नाप्पाच्या मनात आधी आला.

"मास्तर, इंग्रजाची म्हटलं तर ऱ्हातीया न्हवं ती?"

"हो. रस्ता वळवून घेणार आहेत."

"आन् माझी म्हटलं तर?"

"तर पाडतील."

त्यानं बशीतला चहा संपवला. "मग इंग्रजाची म्हणा की."

"पण तुमचं नाव?"

"नाव घिऊन काय करू? बघा, आमी ही कमान केली आन् सिमीट आलं. मग सगळं कॉलम, स्लॅब. दगडाला कोण इचारतंय? मग मी दारोदारी पाट्या-वरवंट्याला टाकी लावत हिंडलो. मग मिक्सर आलं." तो मिक्सरवर रागावलेला दिसत नव्हता. "घडीव दगडाचं माझ्या हातचं तेवढंच हुबं हाय. इचलकरंजीचा बाजार झाला की कवातरी मी यष्टीनं हिकडं येतो, खाली बसतो, माणसं जात्याली बघतो, आन् जातो. ती हुबी ऱ्हाऊ दे. कुणाची म्हणायचं ते म्हणा."

मला फार बरं वाटलं. त्याच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. माझा इंग्रज वाचला होता, आणि वर त्याला वाचवणं हे पुण्याचं काम ठरलं होतं. मी चन्नाप्पाचे हात हातात घेतले आणि शब्द दिला. म्हटलं, कमान १८९१ ची, इंग्रजाची, आणि गुलाब तो गुलाबच.

तो गेल्यावर शालू म्हणाली, "शब्द दिलाय न्हवं? मग पंधरा तारखेला तेवढंच बोला आन् गप बसा. माणसं जमली की तुमची जीभ सुटती."

पंधरा तारखेला माणसं जमली. समितीचे लोक, पेन्शनर, दोन शाळांची मुलं, तीन पेपरचे फोटोग्राफर. पार्सलच्या गाठोड्यांपाशी, सगळ्यांच्या मागं, चन्नाप्पा टोपी सरळ करून उभा होता. मोठे साहेब बारीक चणीचे आणि सौजन्याचे निघाले. स्वतः इंजिनिअर. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी थोडक्यात बोललो, बायको एकदाच मारली. मग ते कमानीजवळ गेले आणि दोन दगडांच्या सांध्यावरनं त्यांनी बोट फिरवलं. खिशातनं आपलं कार्ड काढून सांध्यात घालून बघितलं. ते जाईना.

"वा," ते म्हणाले. "बघा हे. यालाच म्हणतात इंग्रजांचं काम. आपल्या माणसांना असा सांधा जमत नाही हो. तेवढी शिस्तच नाही आपल्यात."

लोकांनी माना डोलावल्या. सवयीनं मीही डोलावली. आणि मग माझी नजर मागं गेली, तर गाठोड्यांपाशी उभा असलेला चन्नाप्पाही मान डोलावत होता.

ते मला सहन झालं नाही. मनापासून राग आला, साहेबांचा नव्हे, माझाच. आठ वर्षं मी जे लिहीत होतो त्याचा अर्थ साहेबांनी एका वाक्यात सांगितला होता. इथवर सगळं खरं आणि चांगलं आहे. पण मग मी घसा खाकरला, आणि तो घसा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. भाषणाचा घसा होता तो.

"साहेब, क्षमा करा," मी म्हणालो. "ही कमान कुण्या इंग्रजाची नाही. गेली आठ वर्षं मी या शहराला खोटं सांगत आलो. ही कमान बांधणारा कारागीर हयात आहे, इतकंच नव्हे तर तो आज या ठिकाणी उपस्थित आहे."

पुढं मी काय काय बोललो ते पेपरात आलं आहे. दगड बोलला, घाम आणि माती, अनामिक हात, असं पुष्कळ होतं. टाळ्या पडल्या. तशा टाळ्या मला इंग्रजाची बायको मेली तेव्हाही पडल्या नव्हत्या. साहेबांसाठी आणलेला हार कोणीतरी चन्नाप्पाच्या गळ्यात घातला आणि त्याला ओढत पुढं आणलं. साहेबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, वय विचारलं. "आजोबा, कमाल केलीत," ते म्हणाले, आणि ते त्यांना खरंच वाटत होतं. फोटो निघाले. मी मधे होतो. मला वाटत होतं, आता तर कमानीचं मोल दुप्पट झालं, आता हिला हात लावायची कोणाची छाती आहे.

साहेब बाजूच्या अधिकाऱ्याकडं वळले. "म्हणजे ब्रॉडगेजच्या वेळची आहे. मग प्रश्नच मिटला. काम सुरू करायला हरकत नाही." मग मला म्हणाले, "तुमच्या प्रामाणिकपणामुळं आमचा मोठा पेच सुटला, सर."

मी म्हणालो, साहेब, पण कारागीर, पण कला. ते म्हणाले, पत्रात स्पष्ट लिहिलं होतं सर, मूळची असेल तर. लिहिलं होतंच. त्याच्या चार झेरॉक्स माझ्याच घरी होत्या.

चन्नाप्पानं गळ्यातला हार काढून एका हातगाडीच्या दांड्याला अडकवला आणि तो बाहेर निघाला. मी गर्दीतनं वाट काढत त्याला रिक्षा स्टॉपजवळ गाठलं.

"चन्नाप्पा, साहेबांचं ते बोलणं मला ऐकवलं नाही हो."

"व्हय," तो म्हणाला. "मला ऐकवत हुतं की."

एवढंच बोलून तो स्टँडकडं चालायला लागला. मी रिक्षा करून देतो म्हणालो, पण तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो होता. 'सत्यासाठी प्रतिष्ठा पणाला लावणारा शिक्षक.' चाळीस पत्रं आली. शिरोळच्या बाईंनी कळवलं की याही वेळी रडू आवरलं नाही. त्या चाळीसांत कमान पडणार याबद्दल एक ओळ नव्हती, आणि मी नीट बघितलं, माझ्या भाषणातही नव्हती. शालूनं तो पेपर मी पूर्ण वाचायच्या आधी रद्दीत टाकला. आठ दिवस ती माझ्याशी जेवणापुरतं बोलली. आठ वर्षं मी स्वतःचा मोठेपणा मिरवायला खोटं बोललो, आणि ज्या एका दिवशी त्या खोट्याचा कोणालातरी उपयोग होता, त्या दिवशी मोठेपणा मिरवायलाच खरं बोललो. दोन्ही वेळा टाळ्या मला मिळाल्या.

पंधरा दिवसांनी चन्नाप्पा पुन्हा आला. या वेळी गूळ नव्हता आणि तो बसलाही नाही.

"मशीन लावणार हायत म्हणं. एक धक्का दिला की सगळं खाली. मला उतरवू द्या म्हणून अर्ज लिवून द्या. दोन गवंडी आणतो कबनूरचं. बांधलीया तशी उतरवतो."

मी लिहायला बसलो. पहिला मसुदा दीड पान झाला आणि १८९१ पासून सुरू झाला. मी वाचून दाखवला. "लई झालं," तो म्हणाला. मग खोडत खोडत चार ओळी उरल्या. कमान मी बांधली आहे. पाडण्याऐवजी उतरवण्याची परवानगी द्यावी. मजुरी नको. तीन दिवस लागतील. त्यात एकही विशेषण नव्हतं. साहेबांची परवानगी दोन दिवसांत आली. माझ्या कुठल्याच लिखाणाचा इतका लवकर परिणाम झालेला नाही.

मीही गेलो. चन्नाप्पानं या म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. पहिला दिवस कमानीखाली लाकडाचा साचा उभारण्यात गेला, कारण चावी निघाली की कमान स्वतःच्या पायांवर राहत नाही, तिला खालून आधार लागतो. दुसऱ्या दिवशी वरची भिंत उतरवली. मी कामाचा नव्हतो हे अर्ध्या तासात सगळ्यांना कळलं. मग मला एक दोरी दिली. वरचा दगड कप्पीवरनं खाली येताना हेलकावू नये म्हणून ती बाजूला बांधलेली असते, आणि ती ताणून धरायला अक्कल लागत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चावी काढायची होती. "जी शेवटी बसली ती आदी निघती," चन्नाप्पा गवंड्यांना म्हणाला आणि खोकत खोकत स्वतः फळीवर चढला. त्यानं छिन्नीनं सांध्यातला चुना सोडवला. ते काम तो फार हळू करत होता. पार्सलवाले हातगाड्या थांबवून बघत उभे राहिले. मग पहार लागली, दगड करकरला आणि बोटभर वर आला. गवंड्यांनी कप्पी ओढली. चावी मोकळी झाली आणि हवेत लटकत माझ्या छातीइतक्या उंचीवर आली.

आठ वर्षांत मी तो गुलाब इतक्या जवळनं बघितला नव्हता. तो फुटबॉल होता. माझ्यासारख्यालाही कळावा इतका फुटबॉल होता. वादीची गाठसुद्धा कोरलेली होती.

दगड दोरीवर सावकाश फिरला आणि त्याची दुसरी बाजू माझ्यासमोर आली, शेजारच्या दगडाला आतनं टेकलेली असते ती. तिथं अक्षरं होती. वाकडी, पण खोल. गुंडू. आण्णा. चन्नाप्पा. खाली साल, १९७१. ज्या कमानीचा मी सहा लेखांत आणि एका मुंबईच्या वारीत शोध लावला, तिचा सगळा इतिहास एवढाच होता आणि तो कमानीच्या आतच लिहून ठेवलेला होता.

"चन्नाप्पा, ही नावं?"

"गुंडूनं खडूनं लिवली, मी छिन्नी मारली. आमा तिघांत त्येलाच लिवता येत हुतं. त्यो गेला. आण्णाबी गेला."

"मग मला सांगितलं का नाही त्या दिवशी? घरी आलात तेव्हा?"

तो फळीवरनं खाली वाकून माझ्याकडं बघत होता. राग नव्हता चेहऱ्यावर.

"सांगून काय केलं असतंसा, मास्तर? भाषणात घातलं असतंसा." त्यानं हाताच्या पालथ्या बाजूनं तोंडावरचा चुना पुसला. "आत हुती तवर कुणाला दिसत न्हवती, पर पुसतबी न्हवती. वरनं सगळा भार हुता न्हवं त्यांच्यावर. आता ह्यो जाईल रेल्वेच्या यार्डात, पडंल उन्हापावसात."

मला त्या वेळी जे वाटलं ते सांगतो. मला रडू आलं. आणि रडू येत असतानाच, तिन्ही नावं वहीत उतरवून घ्यावीत म्हणून माझा एक हात आपोआप खिशाकडं गेला.

"दोरी सोडू नगा," चन्नाप्पा म्हणाला. "अजून सगळी कमान उतरायची हाय."